अमेरिकेत कायदा मंजूर झाला की पुढे तो राबवतं कोण?

खडू_फळा

नमस्कार मंडळी. मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवतो. अमेरिकेची राज्यघटना शिकवताना काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, झाली, राष्ट्राध्यक्ष झाले, सुप्रीम कोर्ट झालं की धडा संपतो. मुलं मात्र तिथे थांबत नाहीत. यंदा एका मुलीने विचारलं, "सर, कायदा पास झाला, राष्ट्राध्यक्षांनी सही केली. मग दुसऱ्या दिवशी सकाळी नक्की कोण काय करतं?" पुस्तकात यावर एक ओळ आहे: 'कार्यकारी मंडळ कायद्याची अंमलबजावणी करते.' एवढ्याने तिचं समाधान होणार नाही, माझंही होत नाही.

दोन गोष्टी मी ऐकून आहे आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एक म्हणजे तिथे राष्ट्राध्यक्ष बदलला की अधिकारी हजारोंनी बदलतात. दुसरी, तिथल्या सरकारी नोकराला काढणं महाकठीण. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल?

भरतीचंही कळत नाही. आपल्या लोकसेवा आयोगासारखी एकच मोठी परीक्षा तिथे असते का?

आणि एक उदाहरण डोक्यात अडकलंय. बहिणीकडे गेलो होतो तेव्हा तिथल्या साखळी हॉटेलांत मेनूवर प्रत्येक पदार्थासमोर कॅलरी छापलेल्या दिसल्या. बहीण म्हणाली, ओबामांच्या आरोग्य कायद्यामुळे. आरोग्यविम्याच्या कायद्यात मेनूकार्ड आलं कुठून, आणि ते एवढ्या दुकानांपर्यंत पोचवलं कोणी? कोणी हे आतून पाहिलं असेल तर सविस्तर लिहा.

स्पष्टवक्ता

सर, थोडक्यात सांगतो. निवडून आलेले लोक मोघम कायदा करतात आणि न निवडलेले अधिकारी त्याच्या नावाखाली शेकडो पानांचे नियम काढतात. लोकांना जे प्रत्यक्ष पाळावं लागतं ते या नियमांतलं. त्यांना मत कोणी दिलं होतं? माझा आक्षेप एवढाच आहे आणि तो मला गंभीर वाटतो.

पोटोमॅककाठ

सर, तुमच्या विद्यार्थिनीला माझा नमस्कार सांगा. तिने विचारलेल्या त्या 'दुसऱ्या दिवशी सकाळी'तच माझी सगळी नोकरी गेली. मी एका फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, खात्यात नियम लिहिणाऱ्या विभागात होते, आता निवृत्त आहे. खात्याचं नाव लिहीत नाही. लांबण लागेल, पण विषयच तसा आहे.

आधी माणसं. तुम्ही ऐकलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त त्या दोन वेगवेगळ्या थरांबद्दल आहेत. वरचा थर राजकीय नेमणुकांचा. तिथे साधारण ४,००० जागा. त्यांतल्या १,२०० ते १,३०० जागांना सिनेटची, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाची, संमती लागते: मंत्री, उपमंत्री, सहायक मंत्री, राजदूत, मोठ्या संस्थांचे प्रमुख. ही तरतूद राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमातच आहे. राष्ट्राध्यक्ष बदलला की हा थर जवळजवळ सगळा उठतो आणि नवा येऊन बसतो. सिनेटची संमती महिनोन्‌महिने रखडते, तोवर कोणीतरी हंगामी म्हणून काम पाहतं. हंगामी माणसाने किती काळ बसायचं यावर १९९८ च्या कायद्याने २१० दिवसांची सर्वसाधारण मर्यादा घातली आहे, तिला अपवादही आहेत.

खालचा थर म्हणजे आम्ही. सैन्य आणि टपाल खातं सोडलं तर २० लाखांच्या आसपास नागरी कर्मचारी. लोकांच्या डोळ्यांसमोर वॉशिंग्टनच्या संगमरवरी इमारती येतात, पण पाचांतले चार लोक वॉशिंग्टन परिसराच्या बाहेर काम करतात. माजी सैनिकांच्या इस्पितळातली नर्स, विमानतळावर सामान तपासणारा, जंगलात वणवा विझवणारी, कत्तलखान्यात उभा राहून मांस पाहणारा निरीक्षक. हे लोक राष्ट्राध्यक्ष बदलला म्हणून बदलत नाहीत. दोन थरांच्या सांध्यावर वरिष्ठ अधिकाऱ्यांची एक सेवा आहे, जिमी कार्टर यांच्या काळातल्या १९७८ च्या कायद्याने निर्माण झालेली. तिच्यातही राजकीय नेमणुका एकूण जागांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त करता येत नाहीत.

हा खालचा थर असा नेहमीच नव्हता, आणि तो कसा झाला हे मुलांना जरूर सांगा. १८२९ मध्ये अँड्र्यू जॅक्सन आले त्या सुमारापासून पद्धत पक्की होत गेली की निवडणूक जिंकली की पोस्टमास्तरपासून जकातीच्या कारकुनापर्यंत जागा आपल्या पक्षाच्या माणसांना द्यायच्या. त्या माणसांच्या पगारातून पक्षासाठी वर्गणी कापली जायची. मग २ जुलै १८८१ रोजी चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना गोळ्या घातल्या. प्रचारात आपण मदत केली, तेव्हा पॅरिसमधली कॉन्सुलची जागा आपल्याला मिळायलाच हवी, असं त्याने मनाशी धरलं होतं. गारफिल्ड १९ सप्टेंबरला गेले.

त्यांच्या जागी आले चेस्टर आर्थर, आणि ही गोष्ट मला इथल्या इतिहासातली सर्वांत विलक्षण वाटते. आर्थर हे त्याच वशिल्याच्या व्यवस्थेत वाढलेले. न्यूयॉर्क बंदराच्या जकात कार्यालयाचे ते प्रमुख होते, आणि नोकऱ्या वाटायला त्याहून मोठी जागा देशात क्वचितच असेल. त्यांना तिथून आधीच्या राष्ट्राध्यक्षांनी काढलं होतं. या माणसाने १६ जानेवारी १८८३ रोजी पेंडलटन कायद्यावर सही केली. ठरावीक जागा परीक्षा घेऊन भरायच्या, पक्षाला वर्गणी दिली नाही म्हणून कोणाला काढायचं नाही. सुरुवातीला जेमतेम दहांतली एक जागा त्याखाली होती. पुढे एकेक राष्ट्राध्यक्ष जाता जाता आपण नेमलेल्या माणसांना संरक्षण मिळावं म्हणून आणखी जागा त्यात घालत गेले, आणि व्याप वाढत गेला.

आता परीक्षा. आज तिथे एकच मोठी परीक्षा नाही. होती! १९७४ पासून पदवीधरांसाठी 'पेस' नावाची एक सामायिक परीक्षा घेत. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक उमेदवार त्यात फार मोठ्या प्रमाणात मागे पडत होते, आणि परीक्षेतल्या गुणांचा प्रत्यक्ष कामाशी संबंध काय, हा प्रश्न कोर्टात गेला. १९८१ मध्ये तडजोड झाली आणि सरकारने ती परीक्षा गुंडाळली. परराष्ट्र सेवेची लेखी परीक्षा वेगळी आहे, ती चालू आहे. बाकी बहुतेक जागांसाठी प्रत्येक खातं आपापली जाहिरात 'यूएसएजॉब्स' या सरकारी संकेतस्थळावर टाकतं. जागेला श्रेणी असते, १ ते १५, प्रत्येक श्रेणीत वेतनाच्या दहा पायऱ्या. नुसती पदवी असेल तर साधारण पाचवीपासून सुरुवात, पदव्युत्तर असेल तर नववीपासून.

निवड कशी होते ते जवळून सांगते, कारण मी त्या टेबलावर बसलेली आहे. अर्ज आले की मनुष्यबळ विभाग ते चाळतो आणि पात्र उमेदवारांची यादी आमच्याकडे पाठवतो. नावापुढे बारीक अक्षरांत खुणा असतात. 'टीपी' म्हणजे माजी सैनिक, 'सीपीएस' म्हणजे सैन्यातल्या सेवेमुळे तीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व आलेला. अशा उमेदवाराला ओलांडून खालच्याला घ्यायचं तर लेखी कारण द्यावं लागतं आणि वरून मंजुरी आणावी लागते. पहिल्यांदा ती यादी हातात आली तेव्हा आमच्यातल्या एका तरुणीला हे अन्यायाचं वाटलं. मला नाही वाटलं. देशाने ज्याला लढायला पाठवलं त्याला देशाने नोकरीत पुढची रांग द्यावी, हे मला पटतं. मुलाखत, मग तात्पुरता देकार, मग बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची चौकशी, मग पक्का देकार. जाहिरात ते रुजू होणं ऐंशी दिवसांत व्हावं असं उद्दिष्ट आहे, सरासरी शंभराच्या घरात जाते. तेवढ्यात चांगला उमेदवार खासगी कंपनीत गेलेला असतो. हे दुखणं जुनं आहे आणि फार नुकसान करणारं आहे.

रुजू होताना उजवा हात वर करून शपथ घ्यावी लागते. ती राज्यघटनेची शपथ असते. राष्ट्राध्यक्षाचं किंवा मंत्र्याचं नाव त्यात कुठेही नसतं.

आता तुमचं मेनूकार्ड. ओबामांनी २३ मार्च २०१० रोजी सही केलेला तो कायदा प्रचंड आहे, आणि त्यातलं ४२०५ हे कलम मेनूबद्दल आहे. एकाच नावाखाली २० किंवा जास्त ठिकाणी चालणाऱ्या, साधारण सारखेच पदार्थ विकणाऱ्या 'रेस्टॉरंट किंवा तत्सम खाद्यविक्री केंद्रांनी' मेनूवर कॅलरी लिहाव्यात, आणि वर्षभरात अन्न व औषध प्रशासनाने नियमांचा मसुदा काढावा. काँग्रेसचं काम इथे संपलं. 'तत्सम' म्हणजे काय, हे तिने सांगितलं नाही. सिनेमागृहातला पॉपकॉर्नचा स्टॉल तत्सम आहे का? किराणा दुकानातला तयार सॅलडचा काउंटर? पिझ्झाच्या कॅलरी तुकड्याच्या लिहायच्या की अख्ख्या पिझ्झाच्या, आणि वर काय काय घातलं त्याप्रमाणे आकडा बदलतो त्याचं काय? बारमधल्या कॉकटेलचं काय? सर, दुसऱ्या दिवशी सकाळी एखाद्या कार्यालयात बाराव्या-तेराव्या श्रेणीची माणसं हे प्रश्न घेऊन बसतात. त्यांत आहारतज्ज्ञ असतात, अर्थतज्ज्ञ असतात, वकील असतात.

मसुदा एप्रिल २०११ मध्ये 'फेडरल रजिस्टर'मध्ये आला. हे सरकारचं दैनिक राजपत्र, कामाच्या प्रत्येक दिवशी निघतं, १९३६ पासून. १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याप्रमाणे मसुदा छापायचा, लोकांच्या सूचना-हरकती मागवायच्या, त्या वाचायच्या, आणि अंतिम नियम काढताना महत्त्वाच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायचं. मेनूच्या मसुद्यात सिनेमागृहं वगळली होती, दारूही वगळली होती. हरकती आल्यावर १ डिसेंबर २०१४ च्या अंतिम नियमात सिनेमागृहं आत आली, आणि मेनूवर छापलेली दारूही आली. मग पालनाची तारीख पुढे, आणखी पुढे, असं होत प्रत्यक्ष अंमल सुरू झाला ७ मे २०१८ रोजी. कायद्यावरची सही आणि तुम्ही पाहिलेला आकडा यांत आठ वर्षं आहेत.

स्पष्टवक्ता

ताई, माहिती उत्तम. पण माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात. सिनेमागृहं आत की बाहेर, हे अधिकाऱ्यांनी ठरवलं. निवडून आलेल्यांनी नाही.

पोटोमॅककाठ

तुमचा आक्षेप हलका नाही, म्हणून नीट उत्तर देते.

पहिलं म्हणजे अंतिम नियमावर माझ्यासारखीची सही नसते. सही राजकीय नेमणुकीने आलेल्या प्रमुखाची किंवा त्याने अधिकार दिलेल्याची. मोठा नियम असेल तर तो आधी व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयातल्या एका छोट्या विभागाकडे जातो. १९९३ च्या एका कार्यकारी आदेशाने त्यांना सामान्यतः ९० दिवसांची मुदत दिली. फायदा किती, खर्च किती, दुसऱ्या खात्याच्या नियमाला तो छेदतो का, हे तिथे रगडून विचारतात. त्या बैठकांतून मी घामाघूम होऊन बाहेर आले आहे आणि तरीही म्हणते की त्यांनी विचारलंच पाहिजे.

दुसरं, हरकतींचा टप्पा दिखाऊ नसतो. त्या वाचणं हे माझं काम होतं. बऱ्याच हरकती एकाच साच्यातल्या असतात, कोणत्यातरी संघटनेने मजकूर दिलेला आणि हजारो लोकांनी नाव घालून पाठवलेला. त्या मोजल्या जातात, पण मतदान नसल्यामुळे संख्येने काही ठरत नाही. ठरतं ते कारणाने. एकदा वहीच्या रेघी कागदावर हाताने लिहिलेलं पत्र आलं. आमच्या मसुद्यात एका यंत्राची रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तपासणी करायला सांगितली होती. त्या माणसाने लिहिलं होतं, की माझं यंत्र सकाळी गार असतं, गार यंत्रावर तुमचा आकडा कधीच जुळणार नाही, तासभर चालू द्या आणि मग मोजा. खाली त्याने आठवडाभर दोन्ही वेळी घेतलेली मापं रकाने आखून मांडली होती. आमच्या इंजिनिअरने ती स्वतः करून पाहिली. अंतिम नियमात 'यंत्र नेहमीच्या तापमानाला आल्यावर' हे शब्द आले ते त्या पत्रामुळे, आणि उत्तराच्या भागात त्या मुद्द्याला अख्खा परिच्छेद दिला गेला. तो मी लिहिला. नोकरीतला माझा सर्वांत आवडता परिच्छेद तोच.

तिसरं, कोर्ट. कारण न देता किंवा आलेल्या पुराव्याकडे पाठ फिरवून नियम केला तर कोर्ट तो रद्द करतं. आणि नियम मागे घ्यायलाही हीच वाट आहे, हे फार जणांना माहीत नसतं. रेगन यांच्या काळात, १९८१ मध्ये, मोटारींत एअरबॅग किंवा आपोआप बसणारे पट्टे सक्तीचे करणारा नियम वाहतूक सुरक्षा खात्याने मागे घेतला. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कारण पुरेसं दिलेलं नाही, पुन्हा विचार करा. म्हणजे निवडणूक जिंकली म्हणून नियम एका रात्रीत पुसता येत नाही. तुमच्या बाजूच्या सरकारला हे जाचेल तसंच दुसऱ्या बाजूच्यालाही जाचेल.

एक मात्र तुमच्या बाजूने गेलं आहे. १९८४ च्या 'शेव्हरॉन' निकालापासून कायदा संदिग्ध असेल तिथे खात्याने लावलेला वाजवी अर्थ कोर्टं मानून घेत. २८ जून २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने ते मोडीत काढलं. खटला हेरिंग मासे पकडणाऱ्या बोटींचा होता. बोटीवर सरकारी निरीक्षक ठेवायचा तर त्याचा खर्च बोटमालकाने द्यायचा, असं खात्याने ठरवलं होतं, आणि कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. आता कायद्याचा अर्थ काय हे न्यायाधीश स्वतः ठरवतील. कायद्याचा अर्थ लावणं हे कोर्टाचं काम, हे मला मान्य आहे. पण पाण्यात शिसं किती चालेल, कोणत्या तापमानाला मांस सुरक्षित राहतं, हे ना काँग्रेस कायद्यात लिहू शकते ना न्यायाधीश ठरवू शकतो. तिथे ते काम येणारी माणसंच लागतात. ती कोणाचा तरी भाचा म्हणून आलेली नकोत, एवढंच १८८३ मध्ये ठरलं.

ॲरिझोनाकर

छान चाललंय. मी एका राज्याच्या बेरोजगारी भत्ता विभागात काम करतो, म्हणून एक भर घालतो, कारण सरांच्या मुलांना वाटेल की वॉशिंग्टनने ठरवलं की खालपर्यंत वॉशिंग्टनचीच माणसं. तसं नाही. फेडरल सरकारचा जिल्हाधिकारी असं काही इथे नसतंच. बेरोजगारी विमा १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून आला, पण अर्ज घेणारा, फोन उचलणारा, पैसे पाठवणारा माणूस राज्य सरकारचा, म्हणजे माझ्यासारखा. कारभाराचा खर्च फेडरल सरकार देतं आणि सोबत अटींचं बाड देतं. गरिबांसाठीची मेडिकेड योजनाही राज्यंच चालवतात.

आणि फेडरल सरकार राज्याच्या कर्मचाऱ्याला थेट हुकूम देऊ शकत नाही. १९९७ च्या 'प्रिंट्झ' खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलं. तिथे बंदूक विकण्याआधीची चौकशी शेरीफनी, म्हणजे स्थानिक पोलीस प्रमुखांनी, करावी असं फेडरल कायदा म्हणत होता. मग काम करून घेतात पैशाने. दारू विकत घ्यायला किमान वय २१, हे असंच झालं. १९८४ चा कायदा राज्यांना म्हणाला, वय तुम्हीच ठरवा, पण २१ पेक्षा कमी ठेवलंत तर महामार्गाच्या निधीतला ठरावीक हिस्सा कापू. साउथ डकोटा कोर्टात गेलं, १९८७ मध्ये हरलं. सगळ्या राज्यांनी वय वाढवलं.

हॉटेलांची नेहमीची तपासणीही बहुतेक ठिकाणी राज्याची किंवा काउंटीची, म्हणजे जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाची, माणसंच करतात.

पारिजात

मध्येच विचारते, क्षमा असावी. मुलगी तिथे एच-वन-बीवर आहे, सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण झालंय. तिला अशी फेडरल नोकरी मिळू शकते का?

पोटोमॅककाठ

पारिजात, क्षमा कसली. स्पर्धात्मक सेवेत, म्हणजे बहुतेक नेहमीच्या जागांत, नागरिकत्व लागतं. १९७६ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशापासून असंच आहे, ग्रीन कार्डही पुरत नाही. काही संशोधनाच्या जागा अपवादात्मक सेवेत असतात, तिथे क्वचित वाट निघते. तिने राज्याच्या किंवा काउंटीच्या आरोग्य विभागांकडे आणि विद्यापीठांकडे पाहावं. नियम वेगळे असतात आणि काम तेवढंच मोलाचं असतं. मी स्वतः नागरिकत्व मिळाल्यावरच अर्ज केला होता.

ॲरिझोनाकर, ही भर फार गरजेची होती. आभार.

खडू_फळा

ताई, दोन तास झाले, हे वाचतोय आणि टिपणं काढतोय. एकच राहिलं. काढणं खरंच एवढं अवघड आहे का? आणि गेल्या काही वर्षांत 'शेड्यूल एफ' म्हणून बातम्या येतात, ते काय आहे?

पोटोमॅककाठ

स्पर्धात्मक सेवेत पहिलं वर्ष परिविक्षेचं. त्या काळात काढणं सोपं. नंतर संरक्षण येतं, आणि ते १९१२ च्या एका कायद्याच्या शब्दांवर उभं आहे: सेवेची कार्यक्षमता वाढेल अशा कारणासाठीच काढता येईल. म्हणजे कामचुकार माणसाला काढता येतं. सामान्यतः ३० दिवस आधी लेखी नोटीस, कारण, उत्तराची संधी, आणि नंतर एका स्वतंत्र मंडळाकडे अपील. हे मंडळ १९७८ च्याच कायद्याने आलं. अवघड असतं ते वरिष्ठाने वेळेवर नोंदी ठेवणं, कागद करणं, कटू बोलणं. बहुतेक वरिष्ठ ते टाळतात आणि दोष कायद्याला देतात. मंडळाचंही हाल सांगते: जानेवारी २०१७ ते मार्च २०२२ त्याला गणपूर्तीच नव्हती, कारण सदस्यांच्या नेमणुका झाल्या नव्हत्या. साडेतीन हजारांहून जास्त प्रकरणं पडून राहिली. ज्यांना अन्यायाने काढलं होतं तेही ताटकळले, आणि ज्यांना योग्य कारणाने काढलं होतं त्यांच्या खात्यांचंही भिजत घोंगडं राहिलं.

'शेड्यूल एफ' म्हणजे ऑक्टोबर २०२० मधला ट्रम्प यांचा आदेश. धोरणावर प्रभाव टाकणाऱ्या कायम जागा वेगळ्या यादीत टाकायच्या आणि त्यांचं हे संरक्षण काढायचं. जानेवारी २०२१ मध्ये बायडेन यांनी तो रद्द केला. २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी तो थोड्या वेगळ्या नावाने परत आणला. त्यामागचं म्हणणं असं की निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाचं धोरण राबवायला जो तयार नाही त्याला ठेवायचं कशाला. प्रश्न रास्त आहे. धोरण ठरवणं हे निवडून आलेल्यांचंच काम, मी दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांखाली काम केलं आणि मला मनातून न पटलेले नियमसुद्धा जीव ओतून लिहिले.

पण संरक्षण कशासाठी असतं ते एका प्रसंगाने सांगते. एका मसुद्यात नवीन आलेल्या राजकीय प्रमुखांना एक वाक्य हवं होतं, की अमुक बदलामुळे अपघात वाढणार नाहीत. आमच्याकडची आकडेवारी तसं म्हणत नव्हती. मी तेराव्या श्रेणीची, समोर राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला माणूस. मी म्हटलं, बदल करायचा अधिकार तुमचा आहे, तो मी लिहून देते, पण हे वाक्य मी लिहू शकत नाही, कारण फाइलीत त्याच्या उलट कागद आहेत. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, वाक्य काढा, आणि तुमचं टिपण फाइलीत राहू द्या. पुढे नियमाला आव्हान मिळालं तेव्हा तीच सगळी फाइल कोर्टापुढे गेली, आणि नियम टिकला, कारण त्यात खोटं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी नोकरी जाईल अशी भीती मला असती तर मी काय केलं असतं, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. माझ्या हाताखाली तेव्हा दोन लहान मुलांची एकटी आई काम करत होती. तिच्याकडून तर ती अपेक्षाच करता आली नसती.

स्पष्टवक्ता

हा प्रसंग लिहिल्याबद्दल आभार. मूळ आक्षेप सोडलेला नाही, काँग्रेसने कायदे नेमके लिहावेत असंच मला वाटतं. पण फाइल कोर्टात जाते हे माहीत नव्हतं.

पोटोमॅककाठ

काँग्रेसने नेमकं लिहावं, यावर आपलं एकमत आहे. मोघम कायद्याचा त्रास सर्वांत जास्त आम्हालाच झाला.

खडू_फळा

पुढच्या आठवड्यात वर्गात हाच विषय घेतो. मुलांना प्रत्यक्ष काही करायला देता येईल का?

पोटोमॅककाठ

नक्की येईल. 'फेडरल रजिस्टर' आंतरजालावर फुकट आहे. कोणत्याही एका दिवसाचा अंक उघडा आणि 'प्रस्तावित नियम' या भागातला एक छोटा मसुदा निवडा. विमानाच्या एखाद्या भागाच्या तपासणीचे मसुदे छोटे आणि सुटसुटीत असतात. शेवटी नियमाचा मजकूर असतो तो पानभर, आणि त्याआधी त्याचं कारण सांगणारी बरीच पानं. आधी कारणं वाचायला लावा, मग मजकूर. हरकत पाठवायला नागरिकत्व लागत नाही, जगातून कोणीही पाठवू शकतं. मुदत अजून महिनाभर शिल्लक असलेला मसुदा घ्या, म्हणजे मुलांना घाई होणार नाही. आपल्याला आवडलं नाही एवढं लिहून भागत नाही. कोणतं वाक्य, त्यात अडचण काय, त्याऐवजी काय हवं, हे तीन मुद्दे लिहायला सांगा. आणि मसुद्यावर 'डॉकेट' क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाच्या फाइलीचा क्रमांक, असतो, तो पत्रात सर्वांत वर घालायला विसरू देऊ नका. तो नसेल तर पत्र योग्य टेबलापर्यंत पोचत नाही.